जुना ताप
कापूस वेचून वेचून प्रणिताच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, अन् नेरच्या दवाखान्यात सुई टोचल्या जागी कापसाचाच बोळा दाबून ती बसली होती. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "टायफॉइड दिसतो, पण तो मागच्या वर्षीचा. आजार गेला तरी त्याच्याशी लढलेल्या अँटीबॉडीज रक्तात राहतात. आता तुम्हाला नुसता थकवा आहे." प्रणिताचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी टायफॉइड, म्हणजे मुदतीचा ताप, म्हणून सासूनं तिला तीन आठवडे बाजेवरून उठू दिलं नव्हतं. लग्नानंतरची तेवढीच काय ती विश्रांती. नुसत्या थकव्याला कोण विचारतं? "सासू बसली हाये माही बाहेर," ती पुटपुटली. "तिले टायफॉइडच सांगा ना." सासू पडद्याआडच उभी होती. आत येऊन तिनं काटकुळा हात पुढं केला. "माह्यं बी रगत तपासा, बाई. लहानपणी मले बी मुदतीचा ताप आलता."