आजीच्या नावावर

घटस्फोटाचा दावा लागायच्या आतच बाबांनी अल्माटीतले तिन्ही फ्लॅट, हॉटेल आणि साठ घोडे आजीच्या नावावर करून टाकले. कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्यादेखत ते आईला म्हणाले, "अर्धं हवंय ना तुला? माझा आता हा अंगावरचा कोटच उरलाय. एक बाही कापून देऊ?" त्यांचा वकील फिदीफिदी हसला.

तेवढ्यात आजी काठी टेकत आली. "बेरदीबेक, ते सगळं माझंच ना रे आता?"

"हो आई, तुझंच! आत गेल्यावर तेवढं ठणकावून सांग."

"सांगते की. कालच मी ते बक्षीसपत्र करून माझ्या लेकीला दिलं."

"लेकीला? आई, मी एकुलता एक आहे!"

"पहिलं नातवंड आजीच्या पदरात घालायची आपली कझाखांची रीत. मुलगी झाली म्हणून नाक मुरडत तूच हिला अठरा वर्षांपूर्वी मला दत्तक दिलंस. कागदावर सही तुझीच आहे."

बाबा जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होते. मी आईचा हात धरला.

"चल वहिनी, आपल्या घरी जाऊ. आणि दादाला बसभाड्यापुरते टेंगे देऊन टाक."