पहिल्या आगीनगाडीचं वर्ष

बेळगावच्या कचेरीत जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांच्या नोकरांची सर्व्हिस बुकं मार्तंडराव सांभाळत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली ‘एक जून’ ही जन्मतारीख बघितली की ते चिडत. “सगळा जिल्हा काय एकाच दिवशी जन्मला?” मग ते थेट त्या नोकराच्या आईलाच बोलावून विचारत.

भरमू शिपायाची आई खानापुराहून आली. म्हणाली, “पयली आगीनगाडी आली, तवा ह्यो माझ्या पोटात हुता.”

म्हणजे भरमूला निवृत्तीची पंचावन्न वर्षं पुरी झाली होती. कागदावर अजून दोन वर्षं नोकरी शिल्लक होती. मार्तंडरावांनी तारीख दुरुस्त केली.

भरमू भडकला. “आमच्या आयास्नी इचारतासा, अण्णा. तुमच्या आईला कोण इचारायचं?”

मार्तंडरावांनी भरमूचं बुक मिटून कपाटात ठेवलं.

सोमवारी भरमू पट्टा जमा करायला आला, तर मार्तंडराव स्वतःचं टेबल आवरत होते. समोर त्यांचंच सर्व्हिस बुक उघडं होतं आणि त्यातल्या ‘एक जून’वर ताजी लाल रेघ होती.

“काल आईला विचारलं, भरमू. तीच गाडी बघायला ती गेली होती, तेव्हा मी तिच्या कडेवर होतो.”