दोन गंजक्या पिना

आखातातल्या सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना खंडूच्या अंगातल्या डांगरीचा गुडघा फाटला होता. कंपनीकडे नवी डांगरी मागून दोन महिने झाले तरी मिळेना, म्हणून त्याने फाटलेल्या जागी दोन गंजक्या सेफ्टी पिना टोचल्या.

गुरुवारी शिफ्ट संपताना उज्ज्वलसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय ध्यान? सकाळी क्लायंटसमोर कंपनीची लाज काढलीस." साहेबांनी वॉर्निंग लेटर पुढे सरकवलं. "हे तिसरं. आता खलास. पुढच्या आठवड्यात व्हिसा कॅन्सल."

"साहेब, पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. आणि डांगरी मी मागितली होती..."

"उलट बोलू नकोस. सही कर."

खंडूने सही केली. मान वर केली तेव्हा साहेबांच्या मागचं पोस्टर त्याला दिसलं. त्यावर चार गोरी पोरं उभी होती, फाटक्या कपड्यांना सेफ्टी पिना टोचून.

"काय बघतोस? पंक रॉक म्हणतात त्याला. पन्नास वर्षांपूर्वीचा यांचा पहिला अल्बम. जगातल्या सगळ्या साहेबांना शिव्या घातल्यात पठ्ठ्यांनी! आज क्लबमध्ये त्याचीच पार्टी आहे." साहेबांनी ड्रॉवरमधून नवाकोरा, मुद्दाम फाडलेला टीशर्ट काढला आणि अंगाला लावून पाहिला.

खंडू दाराकडे वळला.

 

"थांब. त्या दोन पिना काढून ठेव इथे. माझ्या अगदीच नव्या दिसतात."