दीड तास टिकलेला निळा

गच्चीच्या कठड्यावर भर उन्हात दोन बरण्या होत्या. दोन्हींत रंगाऱ्याच्या कारखान्यातून वाहून जाणारं निळं पाणी. एकीत त्याच्या मुलीने पांढरी पूड टाकली होती. दुसरीत तीच पूड, पण कार्बनच्या नळ्या मिसळून. नळ्या इतक्या बारीक की दिसतच नव्हत्या. न दिसणाऱ्या गोष्टींवर रंगाऱ्याचा विश्वास नव्हता.

कारखान्याच्या दारावर नोटीस होती : सोमवारपासून ओढ्यात रंगीत पाणी सोडलं तर कुलूप. ओढ्यातलं एक बदक आधीच निळं झालं होतं. रंगारी ते गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचा.

"माझा निळा जायचा नाही," तो म्हणाला. "कापड फाटतं, रंग राहतो."

"नाही गेला तर कुलूप लागेल, बाबा."

"लागेल की. पण जायचा नाही."

दीड तास झाला. पहिली बरणी निळीच होती. दुसरीतलं पाणी मुलीने गाळलं. कागदावर राखाडी चिखल उरला आणि खाली पाणी. नुसतं पाणी.

रंगाऱ्याने ते उन्हात धरून पाहिलं. "गेला कुठे? तुझ्या चिखलाला चिकटलाय. बापाला बनवतेस?"

"चिकटला नाही, तुटला. उन्हाच्या जोरावर पूड रंग तोडते. कार्बन तिला दमू देत नाही."

"बघतोच."

त्याने चिखल पांढऱ्या रुमालात बांधला, गरम स्पिरिटमध्ये बुडवला आणि पिळला. चाळीस वर्षं तो असंच पिळून लोकांचे रंग कच्चे ठरवत आला होता. मुलगी नखं खात उभी राहिली.

रुमालावर राखाडी डाग पडला. निळ्याचा ठिपकाही नाही. त्याने पुन्हा पिळलं. मग तिसऱ्यांदा, दात-ओठ खाऊन.

त्याने रुमाल उलटून पाहिला.

"शेजारच्या कारखान्यातला लाल तपासलास?"

"काल."

"किती वेळात गेला?"

"वीस मिनिटं."

रंगारी ताडकन कठड्याशी गेला. पलीकडच्या गच्चीवर शेजारी ओल्या चादरी वाळत घालत होता.

"ऐकलंत का हो! तुमचा लाल वीस मिनिटांत गारद! माझा निळा दीड तास झुंजला!"

"पण मेलाच ना शेवटी?"

"मेला!" रंगाऱ्याने डागाळलेला रुमाल झेंड्यासारखा फडकवला. "पण मारणारी माझ्या घरची आहे. बाहेरच्या कुणाची टाप होती?"