उजेडाचा अंदाज

"काका, ही परत घ्या." फोटोग्राफरने लेन्स टेबलावर ठेवली. "डोळे गेले माझे. आयुष्यभर मीटरला हात न लावता नुसत्या नजरेने उजेडाचा आकडा सांगत आलो. आता स्लाइडचे दोन रोल वाया गेले. सगळे चेहरे पांढरेफटक!"

त्याची बायको बाहेर छपराच्या सावलीत उभी होती. इथून दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिला आत येऊन बसवत नव्हतं.

म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने महिन्यापूर्वी स्वतःच विकलेली ती जुनी लेन्स उचलली. उजेडाचं भोक लहानमोठं करणारं कडं फिरवून अकराच्या आकड्यावर आणलं आणि लेन्स खिडकीसमोर धरली. मग कपाटातली तसलीच दुसरी लेन्स अकरावर लावून शेजारी धरली. दुसरीच्या पात्यांमधल्या भोकातून मसुरीएवढा उजेड येत होता. हिच्यातून वाटाण्याएवढा.

"उघडली होतीस?"

"पात्यांवर तेल आलं होतं. जरा पुसलं."

"आणि कडं दोन घरं सरकवून बसवलंस! चौपट उजेड आत घेतोस, मग चेहरे पांढरे होतील नाहीतर काय? डोळ्यांना कशाला बोल लावतोस? तुझा स्क्रूड्रायव्हर तेवढा काढून घ्यायला हवा."

त्याने तीन बारीक स्क्रू सैल केले, कडं जागेवर आणलं, स्क्रू आवळले. दोन्ही लेन्स पुन्हा खिडकीसमोर धरल्या. मसूर आणि मसूर.

फोटोग्राफरचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. आठवडाभर मनात घर करून बसलेली भीती तीन स्क्रूंनी कशी जाणार? म्हाताऱ्याने ते ओळखलं. ड्रॉवरमधून मीटर काढून तो दाराकडे निघाला.

"शटर साठावर. तिच्या चेहऱ्यासाठी कडं कितीवर?"

फोटोग्राफरने बायकोकडे पाहिलं. तिच्या कपाळाकडे, मग हनुवटीखालच्या सावलीकडे.

"चार."

म्हाताऱ्याने तिच्या गालाजवळ मीटर धरलं. काटा हलला, थांबला.

"चार!" तो तिथूनच ओरडला.

फोटोग्राफर मटकन स्टुलावर बसला आणि हसू लागला. लग्न झाल्यापासून ती असले आकडे ऐकत आली होती आणि एकदाही तिने त्यांना कान दिला नव्हता. आता मात्र ती लगबगीने आत आली.

"किती म्हणालात?" तिने नवऱ्याला विचारलं. "परत सांगा."