दोन ब्राउझरचं घर

“पाखरू बंद केलं की सगळं विसरतं,” ती म्हणाली. “कुठे गेले, काय वाचलं, काही म्हणजे काही ठेवत नाही.”

“आणि तुझ्याकडे विसरण्यासारखं असतं काय? ऱ्हस्व-दीर्घ?”

ती मुद्रितशोधक होती. दिवसभर घरी बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायची. तो एका विमा कंपनीत संगणकांची सुरक्षा बघायचा. ब्राउझरवरचा वाद म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. पण आठवडा झाला, तो हरत होता.

त्याचा ब्राउझर निळा. तिचा नवा, चिन्हावर पाखरू असलेला. तो तिला सुचवला होता प्रकाशकाकडच्या मांडणीकाराने, जो पुस्तकांची पानं लावायचा आणि दिवसातून तीनदा फोन करायचा. नवऱ्याने त्याचं नाव पाखरूवाला ठेवलं होतं. त्याच्या फोनवर ती हसायची. खळखळून नाही. हलकंसं, ओठ मिटून. तेच वाईट.

“पाखरू बनवलंय कुणी? चार टाळक्यांनी मिळून. निळ्यावर हजार माणसं नजर ठेवून असतात.”

“तेच तर. हजार माणसांची नजर हवी कशाला?”

“सुरक्षेसाठी, बाईसाहेब.”

“तो म्हणतो, जो सगळं लक्षात ठेवतो त्याच्यापासून जपून राहावं.”

तो म्हणतो. नाव नाही, आडनाव नाही. पूर्वी हा ‘तो’ नवऱ्यासाठी राखीव असायचा.

रविवारी सकाळी त्याने तिच्यापुढे एक बातमी धरली. पाखरूत भगदाड सापडलं होतं, लोकांचे पासवर्ड गळत होते. बातमी खरी होती. फक्त दोन वर्षं जुनी होती आणि तारखेवर त्याचा अंगठा होता.

ती अंगठ्याकडे बघत राहिली.

“बरं बाबा. टाक तुझा निळा.”

त्याने टाकला. पाखरू काढून टाकलं. “नवं खातं कुठे काढत बसतेस? तूर्त माझ्याच खात्यावर चालू दे.”

सोमवारी कंपनीत नव्या माणसांना त्याने नेहमीप्रमाणे शिकवलं: आपलं खातं दुसऱ्याच्या यंत्रावर कधीही उघडं ठेवू नका. मग चहाच्या सुट्टीत जागेवर येऊन निळ्यातलं इतिहासाचं पान उघडलं. खातं एकच, त्यामुळे घरी ती जे शोधायची ते इथेही उमटायचं.

*१०.१२ बाष्प, अर्थ*
*११.४० गुडघेदुखीवर व्यायाम*
*१२.०५ ‘तज्ज्ञ’ की ‘तज्ञ’*

गुडघे त्याच्या आईचे होते. त्याला क्षणभर बरं वाटलं.

*१०.३० स्वल्पविराम, नियम*
*३.१५ कुंडीतल्या रोपाला मुंग्या*

दोन आठवडे हेच. त्याला चैन पडेना. माणूस इतका स्वच्छ असतो का? त्याने मांडणीकाराचा फोटो शोधला, सापडला नाही. म्हणजे लपवतोय. मग तो आणखी बरंच काही शोधू लागला. काय ते सांगण्यासारखं नव्हतं.

घरी वाद थांबला होता. ती विचारायची, “कसा आहे तुझा निळा?” तो म्हणायचा, “तुझाही आहे आता.” ती मान डोलवायची.

तिसऱ्या आठवड्यात:

*सोमवार. एका माणसासाठी खोली, भाड्याने*
*मंगळवार. नदीकाठचं कॉफीचं दुकान, खिडकीजवळची जागा*
*बुधवार. दोघांसाठी टेबल, उद्या दुपारी चार*

तिन्ही ओळी त्याने तीनदा वाचल्या. एका माणसाची खोली. पाखरूवाला एकटा राहत असणार, असे लोक एकटेच राहतात. त्याला खोली बघून द्यायची, मग तिथे जायचं. कानशिलं तापली. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आपण वेडे नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी ती भांडी पुसत होती.

“उद्या कुठे जायचंय तुला?” त्याने विचारलं.

“का रे?”

“सहज.”

तिने हातातला पेला खाली ठेवला. “तुला काही विचारायचंय का? विचार ना.”

“छे. मला काय विचारायचंय?”

“नक्की?”

“नक्की.”

तिने पेला पुन्हा उचलला. तो कोरडा झाला होता तरी पुसत राहिली.

गुरुवारी पोट दुखतंय म्हणून तो कंपनीतून निघाला. साडेतीनला दुकानासमोरच्या फुटपाथवर, एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहिला. ती खिडकीत बसली होती. समोरची खुर्ची रिकामी. ती सारखी घड्याळाकडे बघत होती. इतक्या ओढीने तिने कुणाची वाट पाहिलेली त्याला आठवेना, आणि तेच त्याला सोसवेना. चारला पाच मिनिटं असताना तो रस्ता ओलांडून आत शिरला.

तिने वर पाहिलं. दचकली नाही. चेहरा मात्र एकदम उतरला.

“कुठे आहे तो?” त्याने विचारलं.

“कोण?”

“पाखरूवाला.”

“मी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. फोनवर बोलतो आम्ही.” तिने खुर्चीकडे हात केला. “बस. तुझीच आहे.”

तो बसला. “मी इकडून सहजच...”

“‘बाष्प’ तपासत होते पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बघायला ‘बा’ लिहिलं, तर पुढचं तुझ्या निळ्यानेच भरून दिलं. ‘बायको खोटं बोलते हे कसं ओळखावं’. मग मी रोजच तुझं वाचायला लागले.”

टेबलावर, दोन कपांच्या मध्ये, एक नवी किल्ली होती. तिने ती उचलून पर्समध्ये टाकली.

“चारपर्यंत तू आला नसतास,” ती म्हणाली, “तर मी खोली नको म्हणून कळवणार होते.”