डाव्या डोळ्याचं पाणी

"काहून रडून राहिला वो माहा नातू?" मोबाईलच्या व्हिडिओ कॉलमधून जानकीबाईंचा, म्हणजे आईकडच्या आजीचा आवाज अख्ख्या ओसरीला ऐकू गेला.

नातू रडत नव्हता. तो धुरपताबाईंच्या, म्हणजे बापाकडच्या आजीच्या मांडीवर पडून बोळकं पसरून हसत होता. फक्त त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं.

"हासून राहिला तो, इहीणबाई."

"मंग पाणी कायचं? आमची आठवण येत असन. तिकडे करमत नसन तं घेऊन येतो त्याले जवाहरनगरले."

फोन बंद झाला, पण ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या शेजारणींनी ऐकायचं ते ऐकलं होतं. धुरपताबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. आंधळगावात त्यांच्या दारातून पाहुणा कधी उपाशी गेला नव्हता, आणि सख्खा नातू रडतो म्हणून परत न्यायची भाषा! त्यांनी दृष्ट काढली, काजळ घातलं, खुळखुळे आणले. पोरगं खदखदून हसायचं आणि हसता हसता डोळा गाळायचं. अशा पोराला साक्षीला उभं करायचं तरी कसं?

शेवटी सून दामिनी दोघांना घेऊन भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी बाळाच्या दोन्ही डोळ्यांत पिवळ्या औषधाचा एकेक थेंब टाकला आणि थोडा वेळ बसायला सांगितलं. उजव्या डोळ्यातला पिवळेपणा निघून गेला. डावा तसाच पिवळाधमक.

"आजी, हे रडणं नाही. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला बारीक नळी असते. याची ती अजून उघडलेलीच नाही."

"म्हंजे पाट बुजला," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म धानाच्या शेतात पाट उपसण्यात आणि धुरे-बांध घालण्यात गेला होता. "मंग पाणी धुऱ्यावरूनच जाईन ना!"

"अगदी बरोबर. कधीपासून आहे हे?"

"माहेरीच होतो आम्ही, तेव्हापासून," दामिनी हळूच म्हणाली.

"म्हंजे जवाहरनगरपासून!" धुरपताबाईंचा चेहरा असा खुलला, की पोरगं तिथल्या तिथे बरं झालं असं वाटावं.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. काजळ बंद. हात धुवून डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबायचं आणि नाकाच्या कडेनं खाली ओढायचं, रोज चार-पाच वेळा. वर्षाच्या आत बहुतेक मुलांची नळी उघडते. नाहीच उघडली, तर बारीक तार घालून उघडावी लागते. तार ऐकताच धुरपताबाईंनी नातवाला पदराआड घेतलं.

घरी येताच त्यांनी नखं कापली आणि त्या डोळ्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सुनेलासुद्धा नाही. घराची अब्रू आता त्यांच्या एका बोटावर होती. चूल थांबायची, गाईचं दूध थांबायचं, पण बोट थांबायचं नाही. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी डोळा कोरडा निघाला. दुसऱ्या दिवशीही कोरडाच. धुरपताबाईंनी मोबाईल बाळाच्या डोळ्यासमोर धरून इहीणबाईंना तो दाखवला.

"पाहून घ्या! आमच्या घरी रडत नाही तो."

भाऊबीजेला लेकीला न्यायला जानकीबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. पोरगं या आजीच्या कडेवरून त्या आजीच्या कडेवर हसतच गेलं. जानकीबाईंनी त्याचे दोन्ही डोळे निरखून पाहिले.

"खरंच वो इहीणबाई, एक थेंब नाही. तुम्हाले सोडून जाऊन राहिला, तरी एक थेंब नाही!"

गाडी वळणाआड गेली. धुरपताबाई पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना फार वाईट वाटलं. यादोराव नवऱ्याच्या हक्कानं करवादले, "डोळा बरा झाला न पोराचा? मंग आता तू काहून रडून राहिली?"

"बरा झाला ते चांगलंच झालं जी," धुरपताबाई नाक ओढत म्हणाल्या, "पण भाऊबीजेपर्यंत थांबाले काय झालं होतं त्या नळीले!"